भाषणाची दुरुस्ती आणि भाषणाची तडजोड

आपल्या चळवळीत भाषणाला जे स्थान आहे ते पुस्तकाला नाही, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्यापर्यंत विचार पोचला तो प्रथम कानावाटे. जलशातून, सभेतून, वस्तीतल्या ओट्यावरून. तरीही भाषण हा वाङ्मयप्रकार आपल्या समीक्षेने गांभीर्याने हाताळलेला नाही. कवितेवर, आत्मकथनांवर आपण पानेच्या पाने लिहिली. भाषणाविषयी मात्र ते 'प्रभावी' झाले, 'घणाघाती' झाले, एवढे म्हणून मोकळे होतो. ते लिहिले कसे गेले, काय खोडले गेले आणि कोणाच्या सांगण्यावरून खोडले गेले, हे प्रश्न आपण विचारीत नाही.

मला येथे विशेषतः खोडण्याविषयी बोलायचे आहे. भाषणाचा खर्डा करताना वाक्ये खोडावी लागतात. पण श्रोत्याला नीट कळावे म्हणून खोडलेले वाक्य आणि संयोजकाला अडचण होऊ नये म्हणून खोडलेले वाक्य या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दुरुस्ती, दुसरी तडजोड. कागदावर दोन्हींची काट सारखीच दिसते. म्हणूनच घोटाळा होतो.

या दृष्टीने ज्या भाषणाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, ते भाषण झालेच नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. त्यांनी भाषण इंग्रजीत लिहून तयार केले. मंडळाच्या लोकांनी मजकूर पाहिला आणि त्यांच्या पोटात गोळा आला. वेदांचा उल्लेख आवश्यक नाही, धर्मशास्त्रांवरचा भाग विषयाला सोडून आहे, हिंदू म्हणून हे आपले शेवटचे भाषण असे सांगण्याची गरज नाही, तेवढे वगळले तर परिषद सुखरूप पार पडेल, असा त्यांचा सूर होता. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी कळविले की एक स्वल्पविरामही बदलला जाणार नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहार त्याच्या आरंभी जोडला. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' ते हेच.

स्वल्पविरामाची ही गोष्ट आपल्या वक्त्यांना पाठ आहे. बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. परंतु त्यामुळे एक गैरसमजही पसरला आहे. बाबासाहेब लिहिलेले बदलीत नसत, म्हणून आपणही पहिल्या झटक्यात सुचेल तेच बोलावे, असा अर्थ कित्येक तरुण कार्यकर्ते काढतात. वस्तुस्थिती उलट आहे. त्या मजकुरात फिरवाफिरव करण्याचा विचार त्यांनी स्वतः अनेकदा केला होता. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की भाषणाचे रूप मोडून सरळ निबंध करावा अशी सूचना त्यांना आली होती. त्यांनी तिचा विचार केला आणि इतिहासाच्या व आवाहनाच्या परिणामाच्या दृष्टीने भाषणाचेच रूप कायम ठेवले. गांधीजींचे 'हरिजन'मधील लेख आणि त्यांना दिलेले उत्तर त्यांनी परिशिष्टात घातले. १९४४ च्या तिसऱ्या आवृत्तीत तर आपल्या जुन्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधाचा समावेश करून सगळ्याचीच नवी मांडणी करण्याचा बेत होता, पण वेळ मिळाला नाही, असे ते नमूद करतात. म्हणजे लेखणी हातात घेऊन बसायला हा माणूस कधीच नाखूष नव्हता. त्याचा नकार होता तो दुसऱ्याने आपल्या भीतीपोटी ही लेखणी चालवावी याला.

(गांधीजींनी परीक्षण करताना पुस्तिकेच्या आठ आणे किमतीबद्दलही तक्रार केली आणि दोन, निदान चार आणे ठेवायला हवी होती, असे सुचविले. एवढे एक म्हणणे आपल्यालाही पटण्यासारखे आहे.)

आता प्रत्यक्ष मजकुराकडे वळू. समाजसुधारणा आधी की राजकीय सुधारणा, हा वाद या भाषणाच्या सुरुवातीच्या भागात येतो. येथे बाबासाहेबांनी जे केले आहे ते वक्तृत्व शिकू पाहणाऱ्याने शब्द न् शब्द तपासावे असे आहे. ते आपला मुद्दा आधी मांडीत नाहीत. १८९२ साली अलाहाबादच्या काँग्रेस अधिवेशनात डब्ल्यू. सी. बॅनर्जी यांनी केलेल्या अध्यक्षीय भाषणातला लांब उतारा ते प्रतिपक्षाच्याच शब्दांत श्रोत्यांपुढे ठेवतात. आमच्या विधवा पुनर्विवाह करीत नाहीत, मुलींची लग्ने लवकर होतात, म्हणून आम्ही राजकीय हक्कांना नालायक ठरतो काय, असे प्रश्न बॅनर्जींनी ओळीने विचारले होते आणि त्यांवर सभेने टाळ्या दिल्या होत्या. बाबासाहेब त्या टाळ्याही नोंदवतात. मग बाजूला होतात आणि घटना सांगू लागतात. पेशवाईतील पुणे. इंदूर संस्थानातील बलाई जातीवर लादलेल्या अटी, ४ जानेवारी १९२८ च्या 'टाइम्स ऑफ इंडिया'तील बातमीच्या आधाराने. अहमदाबाद जिल्ह्यातील झानू गावी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून झालेली मारहाण. कविठा येथे मुले सरकारी शाळेत घातली म्हणून झालेला छळ. जयपूर संस्थानातील चकवारा गावी जेवणावळीत तूप वाढले म्हणून पंगतीवर लाठ्या घेऊन आलेला जमाव. ही शेवटची घटना १९३६ च्या एप्रिलमधली, म्हणजे भाषण लिहिले जात असतानाची. शाई वाळण्यापूर्वी ती मजकुरात आली आहे. ही खरी दुरुस्ती.

आणि एवढे झाल्यावर प्रश्न येतात. ते बॅनर्जींच्याच साच्यातले आहेत. शाळा नाकारता, विहीर नाकारता, रस्ता नाकारता, आणि तरी तुम्ही राजसत्तेला लायक आहात काय? ज्या वाक्यरचनेवर अलाहाबादेत टाळ्या पडल्या, तीच रचना उलटी करून लाहोरच्या श्रोत्यापुढे धरली आहे. हे प्रश्न आधी आले असते तर त्यांना घोषणांची कळा आली असती. गाव, वर्ष, वर्तमानपत्राची तारीख आधी आल्यामुळे श्रोत्याला पळवाट उरत नाही. आज आपल्या व्यासपीठावर नेमके उलटे घडते. वक्ता प्रश्नांनी सुरुवात करतो, आवाज पहिल्याच मिनिटाला टिपेला नेतो, आणि वस्तुस्थिती सांगायची वेळ येते तेव्हा 'अशा कितीतरी घटना आहेत' एवढ्यावर भागवितो. कितीतरी म्हणजे कोणत्या? कोठल्या?

या भाषणातही दोष नाहीत असे नाही, आणि ते सांगितल्याने बाबासाहेबांचा अवमान होतो असे मी मानीत नाही. सव्वीस भागांचा हा मजकूर एका बैठकीत ऐकणे कोणत्याही सभेला जड गेले असते. मधल्या भागातील अवतरणांची दाटी कानाला पेलणारी नाही. आपले गुरू जॉन ड्यूई यांचे ऋण ते मानतात, त्यांच्याकडून आलेल्या संज्ञाही वापरतात. डोळ्यांनी दोनदा वाचल्यावर त्या उमगतात, कानाने एकदा ऐकून नव्हे. ही परिषद भरली असती तर त्यांनी वाचताना काही भाग गाळला असता काय, हे आता कोण सांगणार?

पण त्यांना कानाची जाण नव्हती असे म्हणावे, तर 'मुक्ती कोन पथे?' पाहावे. 'अ‍ॅनिहिलेशन'च्या निवेदनाखाली तारीख आहे १५ मे १९३६. मुंबईतील महार परिषदेपुढचे हे मराठी भाषण ३१ मेचे. मध्ये सोळा दिवस. विचाराचा गाभा तोच आहे : जात ही धर्माने पोसलेली मनोवृत्ती आहे. मात्र सगळी घडण बदललेली आहे. लाहोरचा श्रोता सवर्ण सुधारक होता, त्याला त्याच्या शास्त्रांबद्दल जाब विचारायचा होता. मुंबईचा श्रोता गिरणीतून, रेल्वेच्या यार्डातून, गावकुसाबाहेरून आलेला. त्याला कोणी प्रश्न विचारून छळण्याची गरज नव्हती, त्याला निर्णय घ्यायचा होता. म्हणून मनुष्यबळ, द्रव्यबळ, मानसिक बळ या तीन शब्दांत त्याच्या असहायतेचा हिशेब मांडला आहे. प्रवासाला निघण्यापूर्वी किती माणसे येणार हे कळल्याशिवाय जहाजाची तयारी करता येत नाही, असा दृष्टान्त येतो. घोड्यावरून काढलेली वरात, सार्वजनिक विहीर, सरकारी शाळा ही उदाहरणे येतात; पण येथे ती पुरावा म्हणून येत नाहीत, कारण पुरावा समोरच बसला होता. ती येतात आठवण म्हणून. लाहोरच्या भाषणात पुनरुक्ती प्रश्नाची होती. येथे 'अमुक हवे असेल तर' असे म्हणून प्रत्येक वेळी धर्मांतराच्या एकाच क्रियापदावर येऊन थांबणाऱ्या वाक्यांची आहे.

एवढा बदल करूनही लाहोरच्या मंडळाला जे बोचले होते त्यातले काहीही मुंबईत सौम्य झालेले नाही. उलट तेच अधिक रोकडे झाले आहे.

आयत्या वेळच्या भाषणाचे कौतुक करणाऱ्यांसाठी आणखी एक दाखला देतो. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत राजेंद्रबाबूंनी बाबासाहेबांचे नाव अचानक पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस नावे होती, आपण तयारीने आलेलो नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. पुढचे भाषण सभागृह स्तब्ध होऊन ऐकत राहिले. ही तयारीविना बोलण्याची किमया नव्हे; वीस-पंचवीस वर्षे ज्याने प्रत्येक वाक्य कागदावर तासले आहे त्याला कागदाविना ते सापडते, इतकेच.

येथे स्वतःचा एक अपराध सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी जयंतीनिमित्त एका महाविद्यालयाने मला बोलावले. भाषणाची प्रत आधी मागितली, मी दिली. त्यात जवळच्याच एका गावी झालेल्या बहिष्काराचा उल्लेख होता, गावाच्या नावासह आणि सालासह. प्राचार्य अतिशय सज्जनपणे म्हणाले, 'सर, आशय तोच राहू द्या, फक्त नाव तेवढे नको. त्या गावची मुले इथे शिकतात.' मला त्यात वावगे वाटले नाही. 'काही ठिकाणी आजही' असे मी लिहिले आणि गावाचे नाव काढले. वाक्य पूर्वीपेक्षा गोटीबंद झाले, असेही मनाशी म्हटले. भाषण छान झाले. हार, श्रीफळ, फोटो.

सभा संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा जवळ आला. वही उघडी होती. 'सर, काही ठिकाणी म्हणजे कुठे?' त्याला भित्तिपत्रकासाठी लिहायचे होते. प्राचार्य शेजारीच उभे होते. मी म्हणालो, 'नंतर सांगतो.' त्याने वहीत 'काही ठिकाणी' एवढेच लिहून घेतले आणि तो गेला.

तो मुलगा त्याच गावचा होता, हे मला पुढे शिपायाकडून कळले. त्या भाषणाचा मूळ खर्डा माझ्याकडे अजून आहे. गावाच्या नावावरची काट सरळ, पट्टीने मारल्यासारखी आहे.