लेखन, उच्चार आणि ध्वनिमुद्रिका : कौशल्यप्रधान व्हायोलिन-कॉन्चेर्टोंचा आस्वाद

पाश्चात्य संगीताच्या इतिहासग्रंथांतून एकोणिसाव्या शतकातील कौशल्यप्रधान व्हायोलिन-कॉन्चेर्टोंची वासलात बहुधा चार-दोन वाक्यांत लावलेली आढळते. बेथोव्हेन, मेंडेल्सझोन, ब्राह्म्स यांच्या कॉन्चेर्टोंना सविस्तर विवेचन लाभते. पॅगानिनी, व्ह्यूताँ आणि विन्याव्स्की यांच्या वाट्यास मात्र ‘वादनकौशल्याचे प्रदर्शन’ एवढाच शेरा येतो. हा शेरा तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखकाचा अभ्यासविषय भाषाविज्ञान असून संगीतशास्त्र नव्हे; तेव्हा ध्वनिमुद्रिकांच्या आधारे एका भाषाभ्यासकाने केलेला विचार, एवढ्या मर्यादेतच हे विवेचन वाचावे.

आक्षेप प्रथम नीट मांडला पाहिजे. या कॉन्चेर्टोंचे छापील स्वरलेखन पाहिले तर तो पुष्कळसा खरा वाटतो. वाद्यवृंदाचे काम बहुतांशी साथीपुरते असते, रचनेचा सांगाडा सरळ असतो आणि एकल वादकाच्या ओळीत मात्र स्वरांची विलक्षण दाटी असते. परंतु लिखित रूप म्हणजे भाषा नव्हे, हा भाषाविज्ञानाचा पहिला धडा आहे. लिपी काही गोष्टी नोंदविते व काही सोडून देते. ‘हो’ या एकाक्षरी शब्दाने आपण संमती देतो, शंका दर्शवितो, उपरोध करतो आणि कंटाळाही व्यक्त करतो. कागदावर मात्र तो एकच ‘हो’ असतो. ज्या संगीताचा अर्थ मुख्यतः रचनेत साठविलेला असतो, त्याचा बराच भाग स्वरलेखनातून हाती लागतो. ज्याचा अर्थ मुख्यतः उच्चारात असतो, त्याचा फार थोडा लागतो. कौशल्यप्रधान कॉन्चेर्टो हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणून कागदावरून त्याला दिलेला निकाल मुळातच अपुरा ठरतो.

पॅगानिनीचा पहिला कॉन्चेर्टो हे याचे ठळक उदाहरण होय. मूळ योजनेनुसार वाद्यवृंद ई-फ्लॅट मेजरमध्ये वाजतो. एकल वादक आपल्या चारही तारा अर्धस्वराने चढवून घेतो व बोटे मात्र डी मेजरची ठेवतो. त्यामुळे त्याला मोकळ्या तारांचा निनाद मिळतो, ताणलेल्या तारांमुळे आवाजाला धार येते आणि साथीतील व्हायोलिने तुलनेने झाकलेली राहतात. म्हणजे येथे स्वर लिहिला आहे एक आणि ऐकू येतो दुसरा! आज बहुतेक वादक सर्वांनीच डी मेजरमध्ये वाजविण्याचा मार्ग पत्करतात. परंतु रचनाकाराच्या मनात आधी नाद होता व लेखन नंतर आले, हे या युक्तीवरून स्पष्ट होते. येहुदी मेन्युइनने १९३४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पिएर माँत्यच्या संचालनाखाली मुद्रित केलेला हा कॉन्चेर्टो ऐकावा. वाद्यवृंद थांबल्यावर एकल वादकाने करावयाचा विस्तार, म्हणजे कादेंझा, येथे एमील सोरेची आहे. ती ऐकताना प्रश्न पडतो, की यास प्रदर्शन म्हणावयाचे की साहस? पुढच्या स्वरावर बोट नेमके पडेल की नाही, ही शंका श्रोत्याच्या मनात क्षणोक्षणी उत्पन्न करून ती क्षणोक्षणी फेडणे, हाच येथील नाट्यव्यापार आहे.

विन्याव्स्कीच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोत हे नाट्य अधिक अंतर्मुख होते. डी मायनरमधील ही रचना १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रथम सादर झाली. वादक स्वतः विन्याव्स्की आणि संचालक आंतोन रुबिनश्टाइन. एकाच दिशेने ओढलेल्या गजात अनेक तुटक स्वर काढण्याची विन्याव्स्कीची हातोटी प्रसिद्ध आहे. तथापि या रचनेचे मर्म त्या तुटक स्वरांत नसून पहिल्या भागाकडून ‘रोमान्स’कडे नेणाऱ्या क्लॅरिनेटच्या एकाकी वाटेत आणि त्यानंतर व्हायोलिनने धरलेल्या संथ गाण्यात आहे. याशा हायफेट्झने ती १९३५ मध्ये व पुन्हा १९५४ मध्ये मुद्रित केली. एकाच वक्त्याने एकोणीस वर्षांच्या अंतराने उच्चारलेले तेच वाक्य भाषाभ्यासकास क्वचितच लाभते. येथे ते लाभले आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर बोट घसरवीत नेण्याची त्याची लकब आपल्या मींडेची आठवण करून देते. ही मींड स्वरलेखनात बहुधा नसते. ती परंपरेने कानात उतरलेली असते.

ही परंपरा ध्वनिमुद्रिकांवरून काही अंशी पडताळूनही पाहता येते. विन्याव्स्की १८८० मध्ये आणि व्ह्यूताँ १८८१ मध्ये निवर्तला. त्यांचा नाद आपणांस कधीच ऐकावयास मिळणार नाही. परंतु त्या दोघांपाशी शिकलेल्या इझायीने १९१२ मध्ये तबकड्या मुद्रित केल्या. ज्याला विन्याव्स्कीने हा कॉन्चेर्टो अर्पण केला, त्या सारासातेच्या तबकड्या १९०४ च्या आहेत, आणि त्यांपैकी एकीत त्याचा बोलण्याचा आवाजही क्षणभर ऐकू येतो. विन्याव्स्कीनंतर सेंट पीटर्सबर्गच्या विद्यालयात १८६८ मध्ये लिओपोल्ड आउअर आला, आणि हायफेट्झ हा आउअरचाच शिष्य. मृत बोलीचे शेवटचे भाषक भेटावेत, तसे या तबकड्यांच्या खरखरीआडून ते उच्चार भेटतात.

व्ह्यूताँचा पाचवा कॉन्चेर्टो तर ब्रुसेल्सच्या संगीतविद्यालयातील स्पर्धेसाठी रचलेला, म्हणजे उघडउघड परीक्षेचाच! तरीही त्याच्या संथ भागात ग्रेत्रीच्या ऑपेरातील जुनी धून प्रकटते, तेव्हा परीक्षेचा विसर पडतो. हायफेट्झ व सार्जंट यांची १९६१ ची ध्वनिमुद्रिका यास साक्षी आहे.

येथे एक प्रत्याक्षेप संभवतो. साहस हाच जर या कलेचा प्राण असेल, तर ध्वनिमुद्रिकेत तो कसा उरावा? जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे साडेचार मिनिटांची असे व ती एका दमात वाजवावी लागे. चुंबकीय फीत आल्यानंतर चुकलेला स्वर कापून तेथे दुसरा जोडणे शक्य झाले. शिवाय दहाव्यांदा ऐकताना बोट नेमके पडणार हे ठाऊकच असते. हा प्रत्याक्षेप गंभीर आहे. तो सर्वस्वी फेटाळता येत नाही. परंतु पुनःश्रवणाने आस्वादाचे स्थान पालटते, हेही तितकेच खरे. पहिल्या श्रवणात ‘हे जमेल काय?’ असा प्रश्न असतो. दहाव्या श्रवणात ‘हे असेच का उच्चारले?’ असा असतो. विस्मयाची जागा विवेक घेतो, आणि समीक्षेचा आरंभ येथूनच होतो.

खरा धोका दुसराच आहे. प्रमाणभाषेच्या प्रसाराने बोली क्षीण होतात, हे आपण जाणतो. लोकप्रिय ध्वनिमुद्रिका हीही एक प्रमाणभाषाच होय. बेल्जियन आणि रशियन संप्रदायांचे गजाचे वळण, कंप व मींड यांत पूर्वी जो भेद कानाला सहज जाणवे, तो आज पुष्कळच पुसट झाला आहे. ज्या यंत्राने जुने उच्चार जतन केले, त्याच यंत्राने नव्या वादकांना एकमेकांसारखे केले, असे म्हणावे लागते. ही हानी भरून काढणे श्रोत्याच्या हाती नाही. तिची जाणीव ठेवणे मात्र आहे. म्हणून या कॉन्चेर्टोंविषयी मत बनविण्यापूर्वी प्रत्येकाच्या किमान दोन ध्वनिमुद्रिका, शक्य तर दोन पिढ्यांतील, लागोपाठ ऐकाव्यात. कागदावरील दाटी तीच राहील. परंतु दोन माणसे ती निरनिराळी बोलताना ऐकू येतील. जी भाषा दोन माणसांना आपापल्या परीने बोलता येते, तिला पोकळ म्हणण्याचा अधिकार निदान भाषाभ्यासकास तरी पोहोचत नाही.