'आम्ही' आणि 'आपण': डेबियनच्या वचनातील सर्वनाम

मुक्त आज्ञावलींचे प्रकल्प वापरणाऱ्यांशी कसे बोलतात, हा प्रश्न सामान्यतः सौजन्याचा समजला जातो. वस्तुतः तो व्याकरणाचाही आहे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या प्रकल्पाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते.

१९९७ साली डेबियनने आपला 'सामाजिक करार' स्वीकारला. दोष लपविले जाणार नाहीत, आणि वापरणारे व मुक्त आज्ञावली यांनाच अग्रक्रम राहील, अशी ग्वाही त्यात 'वुई' या सर्वनामाने दिलेली आहे. हे सर्वनाम मराठीत आणावयाचे झाल्यास अनुवादकास थांबावे लागते. श्रोत्यास वगळणारे 'आम्ही' आणि त्यास सामावून घेणारे 'आपण' असा भेद मराठी करते. इंग्रजी करीत नाही. करारात वचन देणारे एका बाजूस व वापरणारे दुसऱ्या बाजूस असल्याने तेथे 'आम्ही' हेच योग्य होय.

दोषनोंदीच्या व्यवहारात मात्र हा भेद पुसट होतो. नोंदी सर्वांस वाचावयास खुल्या असतात. करारातील ते वचन पाळले गेले आहे, आणि हे यश लहान नव्हे. परंतु नोंदीवर 'मोअरइन्फो' ही खूण लागली की अधिक माहिती जमविण्याचे काम तक्रारकर्त्याकडे येते. येथे तो 'आपण'मध्ये मोडतो. 'वोन्टफिक्स' ही खूण लागताच तो पुन्हा बाहेर पडतो. या खुणेस कर्ताच नाही. दोष दुरुस्त होणार नाही, एवढेच ती सांगते. कोणी व का ठरविले, हे तिच्या शब्दांत येत नाही. वचनात ठळक असलेला कर्ता नकारात लोप पावतो.

यावर असा आक्षेप येईल की, १९९८ च्या घटनेनुसार प्रकल्पाचे काम करण्याचे बंधन कोणावरही नाही. स्वेच्छेने राबणाऱ्यांच्या बाबतीत हे न्याय्यच आहे. तथापि त्यामुळे 'आम्ही' दिलेले वचन कोणत्याही एका 'मी'वर बंधनकारक राहत नाही, ही गोष्ट करारातच सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे झाले असते.

डेबियन संगणकावर बसविण्याच्या आज्ञावलीचे मराठी भाषांतर झाले आहे. दोषांची चर्चा मात्र मुख्यतः इंग्रजीतच चालते, आणि मतदानाचा अधिकार सदस्यांपुरता आहे. म्हणून मराठी अनुवादकाने सर्वत्र 'आपण' योजण्याचा मोह टाळावा. ज्यास निर्णयात वाटा नाही त्यास 'आपण'मध्ये गणणे हे सौजन्य असेल, सत्यकथन नव्हे.