पोटावरच्या गाठी आणि 'ब्लाइंड' चाचणी

दुष्परिणामांचं टेबल आपण बहुतेक वेळा सोडून देतो. मीही द्यायचो. 'टोलेडो' चाचणीचा पेपर (लॅन्सेट न्यूरॉलॉजी, २०१८) दुसऱ्यांदा वाचताना मात्र तिथेच अडकलो.

पार्किन्सनच्या रुग्णांवर गोळ्यांचा असर मधेच उतरतो, शरीर आखडतं. हा 'ऑफ' काळ. त्यावर ॲपोमॉर्फिन छोट्या पंपातून, सहसा पोटाच्या कातडीखाली, दिवसाचे सोळाएक तास सोडतात. पंप घरीच लावायचा. टोलेडोत युरोपातले १०७ रुग्ण होते. १२ आठवडे निम्म्यांना औषध, निम्म्यांना सलाइन. रोजचा ऑफ काळ औषधाच्या गटात सरासरी २.४७ तासांनी घटला, सलाइनच्या गटात ०.५८ तासांनी. झकास.

आता टेबल. सुईच्या जागी गाठी: औषधाच्या गटात ४४ टक्के, सलाइनच्या गटात एकही नाही.

आणि ऑफचे तास मोजले कुणी? रुग्णांनीच, डायरीत. ज्याच्या पोटावर गाठ आली, त्याला आपल्याला काय मिळतंय हे कळायला वेळ लागेल का? सगळा फरक यामुळेच पडला, असं मी म्हणत नाही. ॲपोमॉर्फिन काम करतं. पण फरक नेमका किती, यावर माझा भरवसा थोडा कमी झाला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. अशा गाठी 'सौम्य ते मध्यम' या खात्यात जातात. १२ आठवड्यांसाठी ठीक. पण घरी हे वर्षानुवर्षं चालतं. रोज सुई टोचायला मऊ जागा शोधायची, आणि गाठीत टोचली तर औषध नीट शोषलं जात नाही. मग गाठ हा नुसता दुष्परिणाम कसा? तो परिणामकारकतेचाच प्रश्न झाला.

त्या कमी कशा करायच्या? रोज जागा बदला, हात नि कातडी स्वच्छ ठेवा, सुई काढल्यावर मसाज करा, द्रावण पातळ करून बघा. सल्ले शहाणे आहेत, पण बराचसा आधार नर्सेसच्या अनुभवाचा. अल्ट्रासाउंड उपचाराची २००९ ची पायलट चाचणी जेमतेम १२ रुग्णांची. कडकपणात नि दुखण्यात लक्षणीय फरक नाही. हे वाचून 'उपयोग नाही' असं लिहून मोकळं होऊ नका. १२ जणांत मध्यम फायदा असला तरी निसटेल.

खरं तर इथे डिझाइन सोपं आहे. प्रत्येकाला पोटाच्या दोन बाजू असतात! एका बाजूला मसाज, दुसरी तशीच. कुठली बाजू कुठली हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, आणि गाठी चाचपणाऱ्याला ते सांगायचं नाही.