टाइल टिकते, घर जातं

गिफू प्रांतातल्या ताजिमी शहरात, कासाहारा भागात, मोझॅक टाइल म्युझियम आहे. २०१६ साली उघडलेलं, वास्तुकार तेरुनोबु फुजिमोरी यांचं. बाहेरून ते मातीच्या खाणीचा कापलेला कडा वाटतं, आणि भिंतीत टाइलचे, कपबश्यांचे तुकडे रुतवलेत. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक करतात ना, तीच जात. फरक इतकाच की आपण ते गळती आणि ऊन थोपवायला करतो, इथे ते शोभेला आहे.

चौथ्या मजल्यावर छताला गोल भोक, वर आकाश. सगळे तिथेच फोटो काढतात. मला त्याच मजल्यावरच्या जुन्या वस्तू जास्त महत्त्वाच्या वाटल्या: टाइल लावलेली बेसिनं, बाथटब, भित्तिचित्रं. इमारती पाडल्या जात असताना गावकऱ्यांनी त्या वाचवून आणल्या. ग्लेझ अजून चकचकीत आहे, ज्या घरांत त्या होत्या ती घरं मात्र नाहीत. म्युझियम हे सगळं हळव्या आठवणींसारखं मांडतं आणि तिथेच थांबतं. हे मला पटलं नाही.

कारण जपानात घर काही दशकांतच पाडतात, आणि बाराशे अंशांच्या वर भाजलेली पोर्सलीन टाइल त्याच्या कितीतरी पट टिकते. मग तिच्यात घातलेलं इंधन कुठे गेलं? ढिगाऱ्यात.

‘शाश्वत’ टाइल म्हटलं की उद्योग मातीबद्दल बोलतो. याच मिनो परिसरात १९९७ पासून जुनी भांडी दळून नव्या भांड्यांच्या मातीत मिसळण्याचा प्रकल्प चालू आहे. काम चांगलंच आहे, खाणी त्यामुळे वाचतात. पण दळलेली भुकटी पुन्हा भट्टीत जाते, आणि खरा खर्च तर भट्टीतच आहे. अख्खी टाइल अख्खी परत वापरणं केव्हाही स्वस्त.

म्हणजे डिझाइनचा प्रश्न रंग-पोताचा कमी आणि चिकटवण्याचा जास्त. सिमेंटमध्ये किंवा आजच्या अ‍ॅडहेसिव्हमध्ये बसवलेली टाइल सहसा फुटूनच निघते. पुण्या-मुंबईत रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांतही हेच. गच्चीवर पेडेस्टलवर नुसत्या मांडलेल्या टाइल उचलून नेता येतात. न्हाणीघराच्या भिंतीला मात्र तसं सोपं उत्तर अजून नाही, तिथे पाणी अडवायचं असतं. म्युझियमच्या दुसऱ्या मजल्यावर आजच्या टाइल निवडीसाठी मांडल्यात. त्या उद्या निघतील कशा, हेही तिथेच सांगायला हवं होतं.