यंत्रमागांच्या गावातला सुपरमॅन

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याकडे जाताना मालेगाव लागते. या रस्त्याने आम्ही कितीतरी वेळा गेलो. पण बसस्थानकावर चहा घेण्यापलीकडे या शहराशी ओळख करून घ्यावी असे कधी मनात आले नाही. मालेगाव म्हटले की दंगल, संचारबंदी आणि २००६ व २००८ चे बॉम्बस्फोट एवढेच आठवते. आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका मोठ्या शहराची एवढीच ओळख आपण इतकी वर्षे बाळगली, याची लाज आम्हांला एक अनुबोधपट पाहताना वाटली. फैजा अहमद खान या दिग्दर्शिकेचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा तो पट.

तो २००८ सालचा. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो पोहोचला जून २०१२ मध्ये, तोही मोजक्याच. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा कथापट आला. त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ज्या तासाभराच्या पटाने या माणसांना प्रथम पडद्यावर आणले, तो मात्र सावलीत राहिला. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोसम नदीच्या काठच्या या गावात घरोघरी यंत्रमागांचा खडखडाट चालतो. शुक्रवारी माग थांबतात आणि कामगार सिनेमाकडे वळतो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. त्यात डाकूंना घोडे कुठले मिळणार? ते सायकलींवरून आले. गाव खदखदून हसले. मग नासिर यांनी थेट सुपरमॅनलाच मालेगावात उतरवायचे ठरवले. नायक कोण, तर शफीक शेख नावाचा हाडकुळा यंत्रमाग कामगार. आणि त्याने लढायचे तंबाखूच्या प्रसाराला निघालेल्या खलनायकाशी! फैजा खान यांचा कॅमेरा या निर्मितीचा माग काढत फिरतो. सायकलीवर कॅमेरा ठेवला की ती चालती गाडी होते. बैलगाडी उचलून धरली की तिचीच क्रेन होते. मध्येच एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच नायकाचे लग्न निघते आणि चित्रीकरण खोळंबते.

हा पट आम्ही घरी काही तरुण मंडळींसह पाहिला. पहिली वीस मिनिटे हशा आवरेना. पण आपण हसतो ते कोणाला? नासिर यांच्या विनोदाला, की त्यांच्या गरिबीला? हा प्रश्न दिग्दर्शिका तोंडाने विचारत नाही. ती फक्त ही माणसे बोलत असताना कॅमेरा थोडा जास्त वेळ तिथेच ठेवते. जेमतेम पावणेतीनशे किलोमीटरवरच्या मुंबईचे नाव ज्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते, त्या लेखकाचा आणि नटांचा चेहरा पाहता पाहता आमच्या बैठकीतला हशा आपोआप ओसरला.

यांना नकलाकार म्हणून झिडकारणाऱ्यांना आम्ही जिल्ह्याच्याच इतिहासाची आठवण देऊ. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१० च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील एक विदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. घरदार पणाला लावून, पत्नी सरस्वतीबाईंच्या हातचे जेवण मंडळींना घालून त्यांनी तो पुरा केला. परक्याचे पाहून आपल्यांसाठी काही करावेसे वाटणे ही भारतीय चित्रपटाची जन्मकथाच आहे. फाळक्यांना ऋषी मानायचे आणि नासिर यांना गमत्या, हा भेद आम्हांला पटत नाही. (दोघांच्या प्रतिभेची तुलना आम्ही करीत नाही, हे चतुर वाचकांना सांगायला नको.)

साम्य आणखीही एका बाबतीत आहे, आणि ते बोचणारे आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांना स्त्री मिळाली नाही. साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. जवळजवळ शंभर वर्षांनी मालेगावातही स्थानिक स्त्री कॅमेऱ्यापुढे येऊ शकत नव्हती. नायिका बाहेरगावाहून आणावी लागली. पट ही अडचण नोंदवतो आणि पुढे सरकतो. मालेगावच्या बायकांना या साऱ्या खटाटोपाविषयी काय वाटते, हे मात्र फारसे ऐकू येत नाही. एका स्त्रीने केलेल्या पटात ही उणीव अधिक जाणवते.

कथापटाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग आणि शशांक अरोरा यांचा अभिनय मनापासूनचा आहे. कुटुंबासह पाहावा असाच तो चित्रपट आहे. पण अनुबोधपट जे न बोलता सोडून देतो, ते तिथे पात्रांच्या तोंडून स्पष्ट वदवले जाते. डोळे ओलावतात खरे, पण कुठे ओलवायचे हे आधीच ठरलेले असते.

फरक सर्वांत ठळक दिसतो तो शफीकच्या बाबतीत. कथापटात त्याचे आजारपण आधी येते आणि मित्र त्याच्यासाठी सुपरमॅन घडवतात. अनुबोधपटाच्या चित्रीकरणात त्या आजाराची चाहूलही नाही. तिथे आहे तो केवळ हिरव्या पडद्यापुढे हात पसरून उडू पाहणारा, ढगळ पोशाखातला, लाजरा नवरामुलगा. २०११ साली, पट चित्रपटगृहात येण्याच्या आधीच, शफीक कर्करोगाने गेला. हे ठाऊक असताना त्याचे ते उडणे दुसऱ्यांदा पाहिले, तेव्हा आमच्या बैठकीतले कोणी हसले नाही. आणि गंमत अशी, की पडद्यावरचा शफीक मात्र पहिल्यासारखाच हसत होता.