लाल पंप, हिरवा पंप

धोक्याची सूचना गरिबांपर्यंत कशी पोहोचवावी, याचा नमुना म्हणून बांगलादेशातील रंगवलेल्या हातपंपांचे उदाहरण वारंवार दिले जाते. पाण्यात आर्सेनिक (आपल्या वैद्यांचा सोमल हे त्याचेच संयुग) मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पंपाला लाल रंग, नसेल तर हिरवा. २००० ते २००३ या काळात सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. त्यांपैकी जवळपास १४ लाख लाल ठरल्या. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी अशी ही खूण, कल्पना चांगलीच आहे. तरीही आम्हांला ती अपुरी वाटते.

मुळात लोकांची अडचण समजून घ्यायला हवी. तळ्याचे पाणी सोडा, कूपनलिकेचे प्या, हगवण टळेल, असे १९७० च्या दशकापासून सरकार आणि युनिसेफ सांगत होते. लोकांनी ते ऐकले. मग त्याच पाण्यात विष आहे असे सांगणारे आले! या विषाला ना रंग, ना वास, ना चव. तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी यायला काही वर्षे जातात, कर्करोगाला त्याहून अधिक. ‘पाणी उकळून प्या’ हा आपण वर्गात देतो तो सल्लाही इथे उलटतो : पाणी आटते, आर्सेनिक तेवढेच राहते.

आता रंगाकडे पाहू. तिथली मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये सुचवलेली १०. म्हणजे ४५ चा पंप हिरवा, ५५ चा लाल आणि ५०० चाही लालच. जवळपास एकही हिरवा पंप नसेल, तर ५५ आणि ५०० यांतला फरक त्या कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. तोच रंगाने पुसून टाकला.

एवढे सांगूनही लोक लाल पंपाचे पाणी पितात, तेव्हा ‘अज्ञान’ हा शब्द फार सहज वापरला जातो. आराइहाजार भागातील पाहणी (२००७ मध्ये प्रसिद्ध) वेगळेच सांगते. आपल्या पंपाचे पाणी धोक्याचे आहे हे कळल्यामुळे वर्षभरात पंप बदलणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण शंभरात ३७ ने वाढले. ज्यांनी बदलला, त्यांचा पाणी आणण्याचा वेळ सुमारे पंधरापट झाला. आर्सेनिकबद्दलच्या सर्वसाधारण प्रचाराने मात्र, स्वतःच्या पंपाचा आकडा कळल्याखेरीज, वागणूक बदलली नाही. हा वेळ बहुधा घरातल्या बाईचा, आणि हिरवा पंप पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगणात. रोज तिथे कळशी घेऊन जायचे तर शेजाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. भित्तिपत्रकावर याचा उल्लेख नसतो. त्वचेवरचे डाग कुष्ठरोगाचे समजून रुग्णांना दूर ठेवले जाई. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे पाण्याइतकेच ठासून सांगायला हवे होते.

पुढे रंग उडाले, आणि नंतर खोदलेल्या असंख्य खासगी कूपनलिका तपासल्याविनाच राहिल्या.

महाराष्ट्रातही पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. ते मुख्यतः स्रोताभोवतालच्या अस्वच्छतेवर ठरते. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, त्याविषयी हे हिरवे कार्ड काहीच सांगत नाही. वर्गात हा विषय निघाला, तर गावाचे कार्ड आणि प्रयोगशाळेचा अहवाल दोन्ही मागवून शेजारी शेजारी ठेवता येतील.