गोधडीचे मोल

वारसांच्या वाटणीचे प्रकरण न्यायालयात गेले म्हणजे गोव्यात मृताच्या मालमत्तेची रीतसर यादी करावी लागते. ही पद्धत पोर्तुगीज अमदानीतील. आता ती 2012 सालच्या अधिनियमान्वये चालते. यादीत घर येते, भाट येते, दागिने येतात. गोधडी सहसा येत नाही. तिला किंमत नाही, याबद्दल वादी-प्रतिवादींचे एकमत असते! कलाविचारानेही आजवर पुष्कळ अंशी हेच केले आहे. म्हणून गोधडीचे परीक्षण कोणत्या निकषांवर व्हावे, हा प्रश्न विचारणे अगत्याचे वाटते.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, की बेळगावकडची कौदी म्हणा, तत्त्व एकच. विटलेली लुगडी, धोतरे, परकर उसवून सपाट करावयाचे, थरावर थर पसरावयाचे आणि साध्या धावदोऱ्याने ते एकजीव करावयाचे. टाक्यांच्या ओळी जवळजवळ घातल्या नाहीत, तर पहिल्या दोन-चार धुण्यांतच आतल्या चिंध्या गोळा होतात. तेव्हा टाक्यांची दाटी हा पहिला निकष. दुसरा निकष कापडाचा. बाळंतविड्यातील दुपट्यासाठी आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा आग्रह धरतात, तो केवळ मायेपोटी नव्हे. अनेक धुण्यांनी त्यातील खळ गेलेली असते, सूत मऊ झालेले असते आणि ते ओल शोषून घेते. कृत्रिम धाग्याच्या साडीत हे गुण नाहीत. ती शिवताना सरकते आणि अंगाला चिकटते.

या कलेचा एक उत्तम आविष्कार आपल्या शेजारीच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंद’ शिवतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांतील अनेकांना पोर्तुगीजांनी दास म्हणून गोव्यात आणले होते. त्यांची बोली कोंकणीच्या कुळातील आहे. कवंद शिवणारी स्त्री कडेपासून आरंभ करते आणि फेऱ्यामागून फेरे घेत मध्याकडे येते. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ बसविते. त्यांवाचून कवंद पुरी झाली असे मानीत नाहीत. आधी आरेखन नसते, तथापि रंगांचा तोल क्वचितच ढळतो. हिला कारागिरी म्हणून बाजूला सारणारा समीक्षक आळशी आहे, असेच म्हणावे लागेल.

आता बाजाराकडे वळू. नव्या कोऱ्या कापडाचे तुकडे यंत्रावर जोडून, त्यावर बाळाचे नाव भरून दिलेली गोधडी हल्ली भेट म्हणून लोकप्रिय आहे. तिच्या सुबकपणाविषयी तक्रार नाही. शिवणाऱ्या स्त्रियांना चार पैसे मिळतात, हेही इष्टच. परंतु नाव भरल्याने वस्तू आपली होते, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. घरच्या गोधडीत मामाचा सदरा, आत्याचा परकर, आईचे डोहाळजेवणातले लुगडे शेजारी शेजारी येतात. ती कोणासाठी आहे हे कापडाची निवडच सांगते, निराळ्या अक्षरांची गरज उरत नाही. बाजारच्या गोधडीवर घेणाराचे नाव असते. करणारीचे मात्र दोन्हींवर नसते. ही उणीव मला अधिक गंभीर वाटते.

दुरुस्तीविषयीही थोडे लिहिले पाहिजे. जीर्ण गोधडी काचेच्या चौकटीत घालणारे रसिक तिचा सन्मान करतात, परंतु तिचे आयुष्य तेथेच थांबवितात. उलट, घाईने तिच्यावर नवी खोळ चढविणारे जुने काम झाकून टाकतात. योग्य मार्ग दोहोंच्या मधला आहे. फाटलेल्या जागेपुरतेच ठिगळ लावावे आणि ते तितकेच झिजलेल्या सुती कापडाचे असावे. कारण नवे, घट्ट कापड भोवतालच्या जुन्या सुताला ताण देऊन पुन्हा फाडते. ठिगळ दिसले तर दिसू द्यावे. सासूच्या टाक्यांशेजारी सुनेचे टाके दिसणे हा दोष कसा मानावा?

ज्यांच्या घरी अशी गोधडी आहे त्यांनी ती शिवणारी हयात आहे तोवर तिच्याजवळ बसून कोणते कापड कोणाचे ते विचारून घ्यावे, आणि मागच्या बाजूस एका सुती पट्टीवर तिचे नाव व साल टाक्यांनी नोंदवून ठेवावे. एका दुपारचे हे काम आहे. ते झाले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती गोधडी येईल, पण ती वाचता येणार नाही.